मागे कोण उभं आहे

गोल्फ शिकायला आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी चेंडू मारायला शिकवत नाहीत, खाली बसायला शिकवतात. दुरून कोणी ‘फोर!’ असं ओरडलं की जिथे असाल तिथे वाकायचं, दोन्ही हातांनी डोकं झाकायचं आणि आवाज आला त्या दिशेला वळून बघायचं नाही. यातलं शेवटचं सगळ्यांत अवघड. नातीच्या शिबिरातले सर हे मुलांकडून अवेळी करून घेतात. मुलं पाणी पीत असतात, कोणी बुटाची नाडी बांधत असतं, कोणी डब्यातली पोळी कुरतडत असतं, आणि सर मध्येच ओरडतात. पोरं पटापट खाली. एखादं नवीन पोर मात्र मान उंच करून चहूकडे बघत उभं राहतं. त्याला कोणी हसत नाही. सर त्याच्यापाशी जातात, स्वतःच्या भुवईवर बोट टेकवतात आणि म्हणतात, “चेंडू इथे लागतो.”

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. हाक मारल्यावर मुलांनी वळून बघावं म्हणून घसा कोरडा केला. हाक ऐकूनही वळायचं नाही, हे शिक्षण मी इथेच पाहिलं. आवाज आला की मान वळते. ती काही आपल्याला विचारून वळत नाही. तिला थोपवायचं तर ते अंगात मुरवावं लागतं. म्हणून सरांची ती अवेळी आरोळी.

त्या चेंडूचे नियम वाचताना माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. वजन ४५.९३ ग्रॅमहून जास्त नको आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरहून कमी नको. एक मर्यादा वरून घातलेली, दुसरी खालून. दोन्हींचा हेतू एकच, की चेंडू लहान आणि जड होऊन फार लांब जाऊ नये. म्हणजे तो किती लांब उडेल याची धास्ती नियम करणाऱ्यांनाही होती. हा चेंडू ज्या भोकात घालवायचा ते जेमतेम १०८ मिलिमीटर रुंद. तिथवर पोचायला एवढं मोठं रान. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हा सगळा खटाटोप श्रीमंती वेडेपणाचाच वाटला होता, आणि उन्हाळ्यात गावाकडे टँकरची वाट बघणारी माणसं आठवली की इथल्या हिरवळीवरचे पाण्याचे फवारे अजूनही डोळ्यांत खुपतात. ते खुपणं बाजूला ठेवून मी जाते, कारण नात जाते.

क्लबात मी पाहुणी आहे. सभासद जावई, त्यांच्यामागून नात, नातीमागून मी. आपल्याकडे गोल्फ घरोघरी पोचलेला खेळ नाही. पुण्यात येरवड्याला पूना क्लबचं मैदान आहे, मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सीचं आहे, छावण्यांमधून लष्कराची आहेत. पण बऱ्याच मराठी घरांत गोल्फ शिरला तो सैन्यातल्या एखाद्या मामाच्या किंवा काकाच्या बदल्यांबरोबर. उदयन माने टोकियो ऑलिंपिकला गेला तेव्हा माझ्या बहिणीने फोन करून विचारलं होतं, “हे माने कुठले गं?” खेळ कुठला हे तिने विचारलंच नाही. त्याच ऑलिंपिकमधला ७ ऑगस्ट २०२१चा शनिवार पुष्कळांच्या लक्षात असेल. संध्याकाळी नीरज चोप्राने भाल्याचं सुवर्ण जिंकलं. सकाळी मात्र ज्यांनी जन्मात गोल्फ पाहिला नव्हता ती माणसं चहाचे कप हातात धरून अदिती अशोकचा चेंडू बघत बसली होती. ती चौथी आली. आमची नात तेव्हा अगदी लहान. मला वाटतं, हे वेड तिच्या डोक्यात त्या सकाळी शिरलं.

आता ती दहा वर्षांची आहे. तिच्या पिशवीत तिच्या उंचीच्या काठ्या आहेत. क्लबलाही क्लब म्हणायचं आणि काठीलाही क्लब, हे माझ्या जिभेला जमत नाही, म्हणून मी काठीच म्हणते. शिबिरात या काठ्या आधी जमिनीवर आडव्या ठेवतात. सर सांगेपर्यंत एकानेही उचलायची नाही. मग एकेकाला बोलावून सर त्याच्या हातातली काठी सावकाश गोल फिरवतात आणि ती जिथपर्यंत पोचते तिथे चुन्याची रेघ मारतात. या रेघेच्या आत मारणाऱ्याशिवाय कोणी नाही. मारणाऱ्याच्या पाठीमागे उभं राहायचं नाही, कारण काठी मागे जाते तेव्हा त्याला ते दिसत नाही. पुढे तर नाहीच. त्याच्या छातीसमोर, बऱ्याच अंतरावर, त्याला दिसेल असं उभं राहायचं. आणि मारणाऱ्याने प्रत्येक वेळी, अगदी सरावाची काठी फिरवतानासुद्धा, आधी मागे वळून बघायचं. मुलांमध्ये बहुतेक जखमा चेंडूने होतात असं मला वाटायचं. सर म्हणाले, चेंडूचं भय मोठ्यांना. पोरांना काठीपासून सांभाळायचं असतं. घराच्या अंगणात, गच्चीवर, धाकट्या भावंडाला.

ते ऐकताना मला आमचा विटीदांडू आठवला. साताऱ्याकडच्या आमच्या गावी देवळामागच्या पटांगणात मुलींनीही खेळायचा तो, निदान दहा-अकराव्या वर्षापर्यंत तरी. जमिनीत कोरलेली लांबट गली, तिच्यावर आडवी ठेवलेली विटी, आणि मग दांडूची ती कोलणी. विटी दोन्ही टोकांना निमुळती. डोळ्यासाठीच तासलेली जणू. दांडू उगारण्याआधी ओट्यावरून आजोबांची हाक यायची, “मागं कोण हाय बघ की!” आम्ही कधी बघायचो, कधी नाही. एकदा थोरल्या भावाची भुवई फुटली. आईने हळद दाबली, त्याला निजवला, मग बाहेर येऊन दांडू उचलला आणि एक शब्द न बोलता चुलीत घातला. दुसऱ्या दिवशी बाभळीचा नवा दांडू तयार. भावाच्या भुवईवरची ती रेघ म्हातारपणीही होती. नातवंडं विचारायची आणि तो युद्धात लागलं म्हणून सांगायचा.

आमच्या त्या खेळाचे नियमही होते. वकट, लेंड, मूंड, नाल असं मोजताना गावागणिक भांडणं व्हायची. मावशीच्या गावचा नियम आमच्याकडे चालायचा नाही. कुठे काही लिहिलेलं नव्हतं. ज्याचा आवाज मोठा त्याचा नियम. म्हणून गोल्फचे पहिले लिखित नियम कोणत्या साली झाले हे कळलं तेव्हा मला कुतूहल वाटलं. साल १७४४. साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज होते, पेशवेपद नानासाहेबांकडे होतं. तिकडे स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहराने चांदीची गोल्फची काठी बक्षीस म्हणून ठेवली आणि लीथ नावाच्या बंदराजवळच्या मोकळ्या कुरणावर स्पर्धा ठरली. वेगवेगळ्या ठिकाणचे खेळाडू येणार, तर आधी काहीतरी एकमत हवं. म्हणून खेळणाऱ्या मंडळींनी तेरा नियम लिहून काढले. तेरा. सगळे एका कागदावर मावतील एवढे.

ते कुरण कुणा क्लबच्या मालकीचं नव्हतं, सगळ्या गावाचं होतं. तिथे गुरं चरायची, माणसं ये-जा करायची. त्यामुळे एक नियम असा की चेंडू एखाद्या माणसाला, घोड्याला किंवा कुत्र्याला लागून थांबला तर जिथे थांबला तिथूनच खेळायचा. माणसाला लागलं का, तो कसा आहे, याबद्दल नियमात काही नाही. चेंडू हरवला तर मारला होता तिथे परत जायचं आणि एक फटका जास्त मोजायचा. ज्याचा चेंडू भोकापासून लांब, त्याने आधी खेळायचं. हे दोन नियम आमच्या नातीच्या वहीत आजही आहेत. तेराव्या नियमात तर शाळकरी पोरांचाच उल्लेख आहे. त्या कुरणात विद्यार्थ्यांनी, बहुधा आपल्या खेळासाठी, वेगळी भोकं खणून ठेवलेली होती आणि सैनिकांनी चर. मोठ्यांचा चेंडू या पोरांच्या भोकांत गेला तर तो अडथळा धरायचा नाही, चेंडू काढून पुढे खेळायचं. म्हणजे मोठी माणसं पहिले नियम लिहायला बसली तेव्हा पोरं आधीपासून तिथेच खेळत होती.

ती पहिली स्पर्धा जॉन रॅट्रे नावाच्या शल्यवैद्याने जिंकली. नियमांखाली सही त्याचीच. पुढच्याच वर्षी तो ब्रिटनच्या राजाविरुद्ध उठलेल्या सैन्यात वैद्य म्हणून गेला, कलोडनच्या लढाईनंतर पकडला गेला आणि फासावर जाण्याच्या बेतात होता. तेव्हा त्याच्यासाठी रदबदली केली ती डंकन फोर्ब्ज या न्यायाधीशाने. न्यायाधीश राजाच्या बाजूचा, कैदी बंडखोर; पण दोघं लीथच्या कुरणावर बरोबर खेळलेले. क्लबांतल्या ओळखी कुठवर उपयोगी पडतात, याचं याहून जुनं उदाहरण मला माहीत नाही. हे मी जावयांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, “आई, आजही तेच आहे.”

तेराचे पुढे चौतीस झाले, आणि २०१९च्या मोठ्या फेरफारात चोवीस. नातीचा आवडता बदल गुडघ्याचा आहे. चेंडू उचलून दुसरीकडे टाकायची वेळ आली तर तो कसा टाकायचा याचे नियम दर पिढीत बदलले आहेत. १९८४पर्यंत भोकाकडे तोंड करून खांद्यावरून मागे टाकायचा. मग हात लांब करून खांद्याच्या उंचीवरून. आता गुडघ्याच्या उंचीवरून. ती मला तिन्ही पद्धती करून दाखवते आणि पहिल्या पद्धतीत मुद्दाम चेंडू माझ्या पदरात टाकते. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळायची, आता तीन. शिष्टाचाराची कलमं पूर्वी पुस्तकाच्या सुरुवातीला वेगळी असायची, नियमांच्या बाहेर. आता खेळाडूने प्रामाणिक राहावं, दुसऱ्याचा विचार करावा आणि मैदानाची काळजी घ्यावी, हे पहिल्या नियमातच आलं आहे.

मैदानाची काळजी मुलं मनापासून घेतात, कारण तो त्यांना खेळच वाटतो. काठीने उडालेलं गवताचं ढेकूळ धावत जाऊन आणायचं, जागेवर बसवायचं, पायाने दाबायचं. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चेंडू उंचावरून पडून खळगा झाला तर दोन दातांच्या छोट्या काट्याने कडा आत ढकलायच्या. खालून उचकटलं तर मुळं तुटतात. वाळूच्या खड्ड्यातून बाहेर येताना आपल्याच पावलांचे ठसे दाताळ्याने पुसत यायचं. ज्याने ठसे ठेवले तो सगळ्यांच्या नजरेत उतरतो. कोणी मारायच्या तयारीत असेल तर बोलायचं नाही, हलायचं नाही. आपली सावलीसुद्धा दुसऱ्याच्या वाटेवर पडू द्यायची नाही. हा सावलीचा नियम ऐकून मी जरा गप्पच झाले. आपल्याकडे सावलीचा इतिहास वेगळा आहे. सावली पडू नये म्हणून माणसांना किती लांब चालवलं, ते शाळेत मी शिकवलेलं नाही पण मला माहीत आहे. इथे नियम सगळ्यांना सारखा आहे आणि कारण फक्त डोळ्यांसमोरची चलबिचल एवढंच आहे. तरी तो शब्द कानाला लागतो.

या खेळात पंच नसतो, हे मला पचायला सगळ्यांत वेळ लागला. मोठ्या स्पर्धेत नियम सांगणारे अधिकारी असतात, पण प्रत्येक खेळाडूमागे शिट्टी घेऊन कोणी धावत नाही. मुलं एकमेकांचे गुण लिहितात. माझ्या कार्डावर तू, तुझ्या कार्डावर मी. शेवटी दोघांनी सह्या करायच्या, आणि सही केली की संपलं. यात एक गंमत आहे. एखाद्या भोकाला प्रत्यक्षापेक्षा जास्त फटके लिहून सही केली तर ती जास्तीची संख्या कायम राहते. कमी लिहून सही केली तर खेळाडू बाद. स्वतःचं नुकसान केलंत तर तुमचं तुम्ही भोगा, फायदा घेतलात तर बाहेर व्हा. पेपर तपासताना बेरजेत चूक झाली तर मुलाच्या बाजूने धरा असं आम्हाला सांगितलेलं असायचं. इथे नेमकं उलटं.

हा नियम किती कठोर आहे ते रोबेर्तो दे विचेंझोला कळलं. अर्जेंटिनाचा हा खेळाडू १९६८च्या अमेरिकेतल्या मास्टर्स स्पर्धेत शेवटच्या दिवशी अप्रतिम खेळला. तारीख १४ एप्रिल, त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस. सतराव्या भोकाला त्याने तीन फटके घेतले. हजारो माणसांनी ते पाहिले, टीव्हीवर आणखी कितीतरी जणांनी. त्याचं कार्ड लिहिणाऱ्या टॉमी एरनने तिथे चार लिहिले. दे विचेंझोने नीट न बघता सही केली. ६५ची ६६ झाली, बरोबरी हुकली आणि बॉब गोल्बी विजेता ठरला. दे विचेंझोने दोष एरनला दिला नाही, स्वतःलाच दिला. ही गोष्ट सरांनी मुलांना सांगितली तेव्हा मुलं खवळली. एवढ्या लोकांनी पाहिलं होतं ना, मग? सर म्हणाले, “सही त्याची होती.” मला विचाराल तर मुलांचं खवळणंच बरोबर. ज्या नियमाला सगळ्या जगाने पाहिलेलं दिसत नाही त्यात काहीतरी आंधळं आहे. पण सही करण्याआधी वाचावं, हे पोरांना दहाव्या वर्षी कळलं तर पुढे बँकेत आणि नोंदणी कार्यालयात त्यांचं भलंच होईल.

मुलांची छोटी स्पर्धा होती तेव्हा मी कुंपणापाशी उभी होते. अशा अनेक स्पर्धांत आईवडिलांना मैदानात जवळून चालू देत नाहीत. खेळताना सल्ला द्यायचा अधिकार फक्त त्या खेळाडूची पिशवी वाहणाऱ्या कॅडीला. का ते मला तिथेच उमगलं. एका वडिलांनी लांबूनच हातवारे करून मुलाला कुठली काठी घे ते सांगायचा सपाटा लावला. मुलगा वडिलांकडे बघेना. त्याने पाठ फिरवली, हातात होती त्याच काठीने मारलं आणि चेंडू वाळूत गेला. तो वाळूत उतरला तेव्हा मला तो मैदानात सर्वांत सुखी दिसला. आणखी एका मुलाचा चेंडू गवतात रुतला होता. बुटाच्या टोकाने तो किंचित बाहेर आला हे मी पाहिलं, त्याच्या जोडीदार मुलीनेही पाहिलं. ती काही बोलली नाही. कार्ड भरताना तिने पेन त्याच्यापुढे धरलं आणि विचारलं, “किती लिहू?” बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, “एक वाढव.” तो कुणाच्या भीतीने म्हणाला, तिच्या, देवाच्या की माझ्या चष्म्याच्या, ते मी ठरवू शकत नाही.

मे महिन्यात दुपारनंतर ढग भरून येतात तेव्हा क्लबात भोंगा वाजतो. एक लांब आवाज म्हणजे ताबडतोब थांबा. काठी मागे नेली असेल तरी फटका मारायचा नाही; मारला तर बाद. तीन छोटे आवाज म्हणजे साधी थांबवणूक, दोन छोटे म्हणजे पुन्हा सुरू. मुलांना हे गाण्यासारखं पाठ आहे. टोकियोतही त्या शनिवारी शेवटची दोन भोकं राहिली असताना विजांमुळे खेळ थांबवला होता आणि अदिती ताटकळत बसली होती. १९७५ साली शिकागोजवळच्या वेस्टर्न ओपनमध्ये ली ट्रेव्हिनो आणि आणखी दोन खेळाडू विजेच्या तडाख्यात सापडले. ट्रेव्हिनो वाचला, पण पाठीचं दुखणं घेऊन. मोकळं रान, हातात धातूची काठी, त्यात छत्री उघडलेली. वीज याहून काय मागेल? मुलांना सांगतात, पिशवी तिथेच टाका, एकट्या झाडाखाली जाऊ नका, इमारतीत या.

एकट्या झाडाखाली जाऊ नका, हे आमच्या गावात कोणी सांगितलं नाही. वळवाचा पाऊस आला की शेतातली माणसं बांधावरच्या आंब्याकडे धावायची. वर्षाआड कुणीतरी जायचं, बहुतेक वेळा गुरं राखणारं पोर. अजूनही मराठवाड्यात, विदर्भात अवकाळीच्या दिवसांत अशा बातम्या येतातच. पुण्याच्याच आयआयटीएम या हवामानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने ‘दामिनी’ नावाचं मोबाइल अ‍ॅप केलं आहे, आसपास वीज पडण्याचा इशारा देणारं. क्लबात भोंगा आहे, रानात भोंगा नाही. नातीला मी म्हटलं की हा एक नियम गावी गेल्यावर सगळ्या पोरांना शिकव. तिने शिकवला. पोरांना भोंग्याची नक्कल जास्त आवडली.

आता कॅडींबद्दल. पिशवी वाहणारा, चेंडू कुठे पडला ते बघणारा, वारा कुठला ते सांगणारा हा माणूस. आमच्या नातीबरोबर जे कॅडी असतात ते साठीच्या पुढचे आहेत. कुठल्या उतारावरून चेंडू कुठे घरंगळतो हे त्यांना डोळे मिटून सांगता येतं. हिंदुस्थानातल्या जुन्या क्लबांत ‘आगेवाला’ अशीही एक जागा असायची. तो पुढे जाऊन थांबायचा आणि येणाऱ्या चेंडूवर नजर ठेवायचा. म्हणजे सगळे ज्याच्यापासून लपतात त्या चेंडूच्या वाटेत उभं राहणं हीच त्याची नोकरी. डोकं झाकायचं तर चेंडू दिसणार कसा? त्याने बघायचंच.

या माणसांमधून खेळाडू निघाले. दिल्लीच्या क्लबात कॅडी असलेले अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले. महूचे मुकेश कुमार कॅडीपासूनच वर आले आणि वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, २०१६ साली, पॅनासॉनिक ओपन जिंकले. १८२९ साली सुरू झालेल्या रॉयल कलकत्ता क्लबात गवत राखणाऱ्याचा मुलगा शिव शंकर प्रसाद चौरसिया तिथेच शिकला आणि २०१६, २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन घेऊन गेला. यांना कोणी चुन्याची रेघ मारून शिकवलं नव्हतं.

शिबिरातली मुलं मात्र कॅडींना नावाने हाक मारतात, नुसत्या नावाने. ‘ए’ लावूनही. ही वाईट मुलं नाहीत. वाळूतले ठसे पुसणारी, दुसऱ्याच्या सावलीचं भान ठेवणारी मुलं आहेत. घरी कामवाल्या मावशींना ती मावशी म्हणतात, रिक्षावाल्याला काका म्हणतात. इथे ती मोठ्यांचं ऐकून बोलतात, आणि मोठे इथे तसं बोलतात. एका सकाळी नातीने विचारलं, “आजी, काका का नाही खेळत? त्यांना तर सगळं येतं.” मी तिला कॅडीकाकांनाच विचार म्हटलं. तिने विचारलं. ते म्हणाले, “खेळतो की बाळा. तुम्ही नसता तेव्हा.” काही क्लबांत आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी कॅडींना खेळू देतात. ते तेवढं सांगून पिशवी खांद्यावर घेऊन पुढे गेले, आणि नातीला त्यांनी जिथे उभं केलं तिथून तिला झेंडा अगदी सरळ दिसत होता.

मुलांसाठीची नियमावली सूचनाफलकावर लावलेली आहे. कॉलरचा सदरा हवा, जीन्स चालणार नाही, बूट कुठले, मोबाइल बंद, धावायचं नाही, मारण्याआधी मागे बघा. कॅडीचा उल्लेख एकदाच येतो, त्यांचे पैसे कुठल्या खिडकीवर भरायचे त्या ओळीत. मी मुख्य समितीच्या नावे एक अर्ज लिहिला, शाळेत लिहायचे तसाच, डावीकडे दिनांक आणि उजवीकडे सही. विनंती दोनच ओळींची आहे. फलकावर असं लिहावं की मुलांनी कॅडींना काका किंवा दादा म्हणावं आणि मैदानात कुठे उभं राहायचं हे त्यांना विचारावं, कारण चेंडू कुठे पडतो हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही. जावई म्हणाले, पाहुण्यांचा अर्ज घेत नाहीत. मग त्यांची सही घेतली. कार्यालयाने पोच दिली आहे. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे.